आधी स्पीकर बघ, मग व्हॉल्व्ह अँप
अरे भावा, व्हॉल्व्ह अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) घ्यायची घाई नको करू, आधी स्पीकरच्या मागची सेन्सिटिव्हिटी वाच, म्हणजे ठरावीक पॉवरला तो किती डीबी (डेसिबल) आवाज देतो तो आकडा, कारण स्वस्तातला सिंगल एंडेड (एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह) ईएल८४ व्हॉल्व्हचा अँप जेमतेम ३-४ वॉट देतो आणि ८५ डीबीच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर जरा आवाज वाढवला की तबल्याचा बायाच फाटल्यासारखा वाजतो, तेच ९१ डीबीच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी पाव पॉवर पुरते. तुझे ८७-८८ असतील तर सरळ पुशपुल (एका बाजूला व्हॉल्व्हची जोडी) घे, १०-१२ वॉट मिळतात, घरात भरपूर झाले.
अँप उचलून वजन नक्की बघ, माझ्या अँपचा मागचा भाग ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही हातांनी सावरावा लागतो, खरा पैसा तिथेच असतो! स्पीकरवर ४ ओहम लिहिलं असेल तर तो अँपच्या ४ ओहमच्याच टर्मिनलला लाव. आणि स्पीकर न जोडता अँप चालू अजिबात करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) जळू शकतो.