लॉस्ट रेकॉर्ड्स सुरू करतोयस ना, मग हे वाच

अरे, आधी लोकांच्या रिअ‍ॅक्शन्स वाचत बसू नकोस. काहींचा जीव आहे या गेमवर, काही म्हणतात किती रटाळ, काही घडतच नाही, पण सुरुवातीच्या प्रतिक्रिया फेब्रुवारी 2025 च्या, तेव्हा फक्त पहिली टेप, म्हणजे गेमचा पहिला भाग, आली होती, दुसरी आली एप्रिलमध्ये, मग अर्ध्या गोष्टीवरचं मत कशाला धरायचं?

बोलताना अजिबात घाई नको. पर्याय दिसला की बटण दाबायची सवय असते आपल्याला, पण इथे गप्प राहिलास तर तेही उत्तरच धरतात, कधी थांबल्यावर वेगळाच पर्याय येतो. आणि स्वानचा, म्हणजे जिच्या भूमिकेत आपण खेळतो तिचा, कॅमकॉर्डर सारखा वापर, पक्षी, भिंतीवरची चित्रं, मैत्रिणी, दिसेल ते शूट कर, नंतर क्लिप्स हव्या तशा लावता येतात, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

गोष्ट 1995 च्या मिशिगनमधली आहे खरी, पण मे महिन्याच्या सुट्टीत कोथरूडच्या गल्ल्यांमधून दिवसभर उंडारलेल्या कुणालाही स्वानच्या मैत्रिणी नोरा, ऑटम, कॅट आपल्याच वाटतील. शेवटावरून लोकांचे वाद आहेत, ते आत्ता नको. खेळून झालं की ये रविवारी घरी, मग बोलू सविस्तर.