दार नसलेल्या घरातून थेरपी कशी घ्यायची

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. थोडं लहान करून देते.

"मावशी, मी ३४ वर्षांची. सासरे दोन वर्षांपासून पॅरालिसिसने खाटेवर आहेत, त्यांचं खाणंपिणं, कपडे, कूस बदलणं सगळं मीच करते. जेठ-जेठानी सुरतला, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून विचारतात बाबांना हे का नाही दिलं, ते का नाही केलं. सासूबाई दिवसभर टोमणे मारतात. रात्री झोप येत नाही. मागच्या आठवड्यात पाढे चुकले म्हणून ९ वर्षांच्या पोराला लाटण्याने मारलं आणि मग रात्रभर रडले. यंदा आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले नाही. मोबाईलवर ऑनलाईन काउन्सेलिंगची जाहिरात बघून यांना सांगितलं तर म्हणे 'येडी व्हयनी का तू'. फोनवर बोलून खरंच काही होतं का? आणि आमच्या घरात एकाही खोलीला धड दार नाही, बोलू कुठे?"

बेटा, पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळेस आखाजीच्या त्या वाक्यावर येऊन थांबले. आपल्या खान्देशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर त्या घरात झोका बांधायचंही मन होत नाही, आणि तू ते असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. दोन वर्षं एका आजारी माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, म्हणजे रात्रीही सलग झोप नाही, ह्याला नर्सिंग म्हणतात आणि दवाखान्यात ते काम तीन पाळ्यांमध्ये वाटलेलं असतं. तू एकटी करतेस. तुला वेड लागलेलं नाही, तू थकलीयेस.

फोनवर बोलून होतं का, तर हो, होतं. ताण, चिंता, चिडचिड ह्यांच्यासाठी व्हिडिओवर किंवा साध्या कॉलवर घेतलेली थेरपी समोर बसून घेतलेल्या थेरपीइतकी उपयोगी पडते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण एक समजून घे, तिथे फक्त मन मोकळं करायला जायचं नसतं. रडून हलकं वाटतं ते चांगलंच, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सुरतचा कॉल परत येणारच आहे. म्हणून जाताना एक प्रसंग घेऊन जा, लाटण्याचाच ने. चांगली काउन्सेलर तुला त्या संध्याकाळचे बारीक बारीक तुकडे करायला लावेल, म्हणजे कॉल कधी आला, जेठानी काय बोलली, तेव्हा तुझ्या मनात काय आलं (बहुतेक 'मी कितीही केलं तरी मीच वाईट' असंच काहीतरी), छातीत धडधडलं का, हात कधी गरम झाले, आणि तेवढ्यात पोरगं सात आठे चुकलं. पोराचा काही संबंधच नव्हता गं. मग ती म्हणेल ह्या साखळीतली एक कडी आपण बदलून बघू, म्हणजे समज तो कॉल आठवडाभर तुझ्या नवऱ्याने त्याच्या फोनवर घ्यायचा आणि तू त्या वेळेस पोराजवळ नाही, ओट्यावर बसायचं. पुढच्या सेशनला काय झालं ते सांगायचं. ह्या पद्धतीला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही थोडं थोडं बदलायची थेरपी, आणि सासूबाईंचा स्वभाव त्याने बदलणार नाही, तुझं पुढचं पाऊल बदलेल.

आता जागेचं, कारण मला वाटतं खरी अडचण इथेच आहे आणि जाहिरातवाले ह्याबद्दल काहीच बोलत नाहीत. सासरे दुपारी जेवून झोपतात तो पाऊण तास धर, सेशन तेवढंच असतं. अंगणवाडी दुपारी सुटते, सेविका ताई ओळखीची असेल तर तिला अर्धं खरं सांगितलं तरी चालेल, 'एक तास खोली दे' म्हण. नाहीतर शेतातली खोली, पण पावसाचे दिवस आहेत म्हणून आधी रेंज बघून ये. व्हिडिओ बंद ठेव, नेटही कमी लागतं आणि रडताना कोणी बघत नाही. इअरफोन लाव म्हणजे समोरच्याचं कोणाला ऐकू जाणार नाही. आणि पहिल्याच सेशनला सांगून ठेव की मी मध्येच 'दूध आटलं' म्हटलं तर समजा कोणीतरी आलंय, तेव्हा तुम्ही फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारा. त्यांना हे नवीन नसतं. फोन घरात सगळे हाताळत असतील तर मेसेज आणि कॉलची नोंद काढून टाकत जा. काउन्सेलरने तुझं बोलणं गुप्त ठेवायचं असतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिलाय, कोणाच्या जिवाला धोका असेल तर, असे मोजके अपवाद सोडून.

माणूस निवडताना शिक्षण विचारायला लाजू नको. मानसशास्त्रात एमए किंवा काउन्सेलिंगचं रीतसर शिक्षण हवं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर माग. नुसतं 'लाईफ कोच' लिहिलेलं बघून पैसे पाठवू नको. आणि दहा सेशनचं पॅकेज आधीच घेऊ नको बाई, एक घे, जमलं तर तीन-चार घे, फी कमी होईल का ते सरळ विचार, बरेच जण करतात.

पण पैशाआधी एक काम कर. १४४१६ लाव. टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं आणि नेट लागत नाही. दर वेळेस तोच माणूस मिळेल असं नाही, पण सुरुवात होते. आणि दोन आठवडे झोप, भूक दोन्ही उडालेली असेल, कशातच जीव लागत नसेल तर सायकियाट्रिस्टला म्हणजे मनाच्या आजाराच्या डॉक्टरला दाखव, औषध डॉक्टरच देऊ शकतात, काउन्सेलर नाही. धुळे, जळगाव दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मरून जावं असं मनात आलं तर मात्र सेशनची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला १४४१६ लावायचं आणि नवऱ्याला उठवायचं.

आता जेठांचं. कानबाईचा सण महिन्यावर आला, रोटाच्या प्रसादासाठी सुरतवाले येतीलच. ते आले की नवऱ्याने, तू नाही, तुझ्या नवऱ्याने भावापुढे विषय काढायचा की एकतर सकाळच्या दोन तासांसाठी बाई ठेवू आणि तिचा पगार सुरतहून यावा, नाहीतर वर्षातून दोन महिने बाबा तिकडे. हे बोलायची तयारीसुद्धा सेशनमध्ये करून घेता येते, अगदी वाक्यं ठरवून. नवऱ्याला एवढंच म्हण की मी कोलमडले तर बाबांचं कोण करेल.

सासूबाईंनी विचारलंच कोणाशी बोलत होतीस, तर खोटं नको सांगू. म्हण, झोप येत नाही म्हणून सल्ला घेते. त्यांचाही नवरा दोन वर्षं खाटेवर आहे गं, त्या तरी झोपत असतील का रात्री? एखाद्या दुपारी विचारून बघ.

आणि पोराला आज जवळ घे, सांग की पाढे चुकणं ही तुझी चूक नव्हती, मारलं ही माझी चूक होती. पहिलं सेशन झालं की मला लिही, काय विचारलं, काय जमलं नाही, सगळं.

तुझी मावशी