रील मशीन घेताना आधी उंची ठरवा, इंजिन शेवटी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला गंगापूर रोडला बंगला, पुढे ६० बाय ४० फुटांचं सिलेक्शन वन जातीच्या गवताचं लॉन, त्यात दोन आंबे, आणि हे लॉन तुमचे सासरे वयाच्या ७२व्या वर्षी हाताने ढकलायच्या, गवत कापायच्या रील मशीनने कापतात. आता त्यांना दम लागतो, म्हणून इंजिनवालं मशीन घ्यायचंय. दुकानदार २४ इंची, ५.५ हॉर्सपॉवरचं दाखवतोय आणि ‘इंजिन दमदारच घ्या’ म्हणतोय. शेजारी म्हणतात रील सोडा, रोटरी घ्या.

मी सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, आयुष्य काढलं आणि घरचं लॉन पंचवीसएक वर्षं रीलनेच कापतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला. रील म्हणजे कात्री. फिरणारं पातं आणि खालचं स्थिर बॉटम ब्लेड यांच्यात गवताची पात सापडते आणि कातरली जाते. रोटरीचं पातं नुसत्या वेगाच्या जोरावर गवत झोडपतं. धार जरा गेली की पातीचं टोक फाटतं, आणि दोन दिवसांनी सगळं लॉन वरून पिवळट-पांढुरकं दिसायला लागतं. रीलचा जन्मच कातरण्याच्या कामातून झालाय. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने लोकरीच्या कापडावरची लव कातरायचं यंत्र पाहिलं आणि तीच रचना गवताला लावली. सिलेक्शन वन आपल्या हरळीच्याच कुळातली. तिला जमिनीलगत, १५ ते २५ मिलिमीटरवर वारंवार कापलेलं मानवतं, तेव्हा ती दाट होते. एवढ्या खाली स्वच्छ कापायचं काम रीलचं. तुमच्या सासऱ्यांनी इतकी वर्षं रीलवर राखलेलं लॉन रोटरीखाली घालू नका, असं मी अगदी मनापासून सांगतो. गवत तीन-चार बोटं वाढू देणार असाल, तर मात्र रोटरी चालेल.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मी पदरचे पैसे घालवून शिकलोय. माझं पहिलं इंजिनवालं मशीन शहरातल्याच एका दुकानातून घेतलं होतं. २० इंची, पाच पात्यांचं. पहिल्याच कापणीत लॉनवर आडव्या लाटा उठल्या, पन्हळी पत्र्यासारख्या. दुकानदार म्हणाला, इंजिन कमी पडतंय. मी मोठं इंजिन बसवून घेतलं. लाटा होत्या तशाच. मग एका रविवारी ओट्यावर बसून मशीनकडे टूलरूमच्या नजरेने पाहिलं, तेव्हा उलगडा झाला.

मशीन पुढे सरकत असताना एक पातं कापून जातं आणि दुसरं येतं. त्या दोन कापांमध्ये मशीन किती मिलिमीटर पुढे गेलं, यावर सगळं अवलंबून असतं. हे अंतर साधारण कापायच्या उंचीएवढं असावं. उंची २० मिलिमीटर असेल तर दोन कापांत २०च्या आसपास अंतर हवं. ते ३० झालं की मधलं गवत पुढे झुकून उंच राहतं आणि लाटा दिसतात. आपल्याकडच्या घरगुती मशीनमध्ये रील आणि मागचा रोलर दोन्ही एकाच इंजिनवर चेनने किंवा गियरने बांधलेले असतात. थ्रॉटल वाढवला की रील जोरात फिरतं, पण मशीनही तेवढंच जोरात पळतं. दोन कापांतलं अंतर तसूभरही बदलत नाही. म्हणून मोठ्या इंजिनाने माझ्या लाटा जाणं शक्यच नव्हतं. त्या जायला पाती जास्त हवी होती, नाहीतर रोलर हळू फिरायला हवा होता.

हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. खडू आणि टेप घेऊन जा. फरशीवर बरोबर एक मीटरच्या दोन खुणा करा. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, आणि रीलचा क्लच जोडलेला. मग मशीन एका खुणेपासून दुसरीपर्यंत हळूहळू ढकला आणि बॉटम ब्लेडवरून किती पाती गेली ते मोजायला सांगा. हजाराला त्या आकड्याने भागा, आलं उत्तर मिलिमीटरमध्ये. ५० पाती गेली तर २० मिलिमीटर. माझ्या मशीनची ३२ जात होती, म्हणजे ३१ मिलिमीटर, आणि मी कापत होतो १८ वर. अंबडच्या एका वर्कशॉपमधून रोलरवरचं २० दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, काढून ३२ दात्यांचं बसवून घेतलं. रोलर मंदावला, मोजणी ५१ वर आली आणि लाटा गेल्या. वर चालायचा वेगही कमी झाला, तो मला या वयात बरा वाटतो. सासऱ्यांनाही वाटेल.

तुम्हाला २० मिलिमीटरवर ठेवायचं असेल तर निदान सहा पात्यांचं रील आणि मीटरला ४५ ते ५५ पाती, एवढं बघा. १२ मिलिमीटरच्या गालिच्याची हौस असेल तर आठ-दहा पात्यांचं रील लागतं. पण त्यासाठी जमीन टेबलासारखी सपाट हवी आणि पावसाळ्यात एक दिवसाआड कापायची तयारी हवी. घरच्या लॉनला मी ते सुचवणार नाही.

आता इंजिन. सासरे हे मशीन हाताने ढकलत आलेत ना? माणूस सलग काम करताना ७५ ते १०० वॅट ताकद देतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे तुमचं लॉन आजवर साधारण एक अष्टमांश हॉर्सपॉवरवर कापलं गेलंय! मशीनचं वजन, रुंदी, रोलर चालवायला लागणारा जोर हे सगळं धरलं तरी २० इंचाला अडीच-तीन हॉर्सपॉवर भरपूर झाली. होंडाचं जीएक्स १२० हे ११८ सीसीचं, साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, वजन १३ किलो. गोल्फच्या ग्रीनवर चालवायच्या कितीतरी रील मशीनवर याच मापाचं इंजिन असतं. दुकानदार ५.५ म्हणतोय ते बहुधा १६३ सीसीचं असणार. होंडाच्या जीएक्स १६०ला पूर्वी ५.५ म्हणायचे, आता कंपनी स्वतः ४.८ लिहिते. मोजायची पद्धत बदलली, इंजिन तेच आहे. ते वाईट नाही. २० इंची मशीनवर तेच बसवून मिळत असेल तर खुशाल घ्या, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

इंजिन निवडताना आकड्यापेक्षा तीन गोष्टी बघा. ते चार स्ट्रोकचं असावं आणि शाफ्ट आडवा असावा. रोटरीवरची इंजिनं उभ्या शाफ्टची असतात, ती रीलला उपयोगी नाहीत. दोरी ओढून सासऱ्यांना ते स्वतः सुरू करता आलं पाहिजे, त्यांनाच दुकानात नेऊन ओढून बघायला सांगा. आणि सुटे भाग गावात मिळाले पाहिजेत. इथे आपण नाशिककर नशीबवान. द्राक्षबागांमुळे पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यात फवारणीच्या आणि पाण्याच्या पंपांवर ही छोटी इंजिनं जागोजागी आहेत, त्यामुळे कार्बोरेटरचं किट असो की दोरीची स्प्रिंग, मेकॅनिकला ती नवी नसते. होंडाच्या धर्तीवर बनवलेली १६८एफ नावाची स्वस्त इंजिनं मिळतात. ती चालतात, पण घेतली तर बोल्ट आणि कार्बोरेटर पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासून घ्या. पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायचं इंजिन मात्र या कामाला नको. जुन्या मशीनवर इंजिन बदलायचं असेल तर आधी व्हर्नियरने शाफ्ट मोजा. एकाच मॉडेलमध्ये पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचा, आणि २० मिलिमीटरचा असे दोन्ही शाफ्ट येतात, आणि पुली एकाची दुसऱ्याला बसत नाही.

रुंदीबद्दल. २४०० चौरस फूट म्हणजे साधारण २२३ चौरस मीटर. २० इंची मशीनने, थोडा पट्टा पट्ट्यावर चढवत गेलं तरी जेमतेम ५०० मीटर चालणं होतं. वळणं धरून वीस-पंचवीस मिनिटांचं काम. २४ इंचाने त्यातली चार-पाच मिनिटं वाचतील, पण प्रत्येक टोकाला ते जड धूड सासऱ्यांना वळवावं लागेल, तेही आंब्याच्या बुंध्याभोवती. म्हणून १८ किंवा २० इंच. रोलरवालंच घ्या, बाजूला चाकं असलेलं नको, म्हणजे वाफ्याच्या कडेवरूनही नीट कापता येईल. रील आणि रोलर यांचे क्लच वेगवेगळे असतील तर उत्तम, कारण गेटपासून लॉनपर्यंत फरशीवरून नेताना रील फिरायला नको. लिव्हर सोडलं की मशीन जागच्या जागी थांबलं पाहिजे, ही अट मात्र सोडू नका.

विजेवरचं का नको, असं तुम्ही विचारलंय. लॉन मोकळं असतं तर मी तेच सांगितलं असतं. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर पुरते, दोरी ओढायला नको, आवाज कमी. पण दोन झाडांभोवती केबल सांभाळत कापायचं, आणि ती एकदा रीलखाली गेली तर? ओल्या गवतात उभ्या असलेल्या वयस्कर माणसाच्या बाबतीत हा धोका मला पत्करवत नाही.

मशीनच्या पैशातून थोडे बाजूला काढून आधी लॉन सपाट करून घ्या. हातमशीन हलकं असतं, ते उंचवट्यावरून उडी मारत जातं. इंजिनवालं जड मशीन प्रत्येक उंचवट्याला टक्कल पाडेल. मे महिन्यात चाळलेला पोयटा आणि वाळू समप्रमाणात मिसळून खळग्यांत बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर द्या. हरळी त्यातून वर येते. पाऊस लागला की दुसरा थर. खडी, मुरमाचे खडे वेचून काढा. आपल्याकडचा काळा दगड रीलमध्ये गेला की पात्याला खाच पडते, आणि मग प्रत्येक पट्ट्यात गवताची एक रेघ उभी राहते.

पावसाळ्यात काळी जमीन ओली असताना मशीन उतरवू नका, रोलरच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दिसतात. दोन दिवस उघडीप मिळाली की कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही. श्रावणात पंधरा दिवस गावाला गेलात तर गवत रीलच्या मध्याच्या वर जाईल, आणि रील ते कापण्याऐवजी लोळवेल. तेव्हा कुणाकडून तरी ब्रश कटर आणून आधी वरवर उतरवून घ्या.

धार आणि जुळणी हे सासऱ्यांना ठाऊक असेलच, तरी लिहितो. वर्तमानपत्राची पट्टी रील आणि बॉटम ब्लेडमध्ये धरून रील हाताने हळू फिरवा. डाव्या टोकापासून उजव्यापर्यंत कागद सगळीकडे सारखा कापला गेला पाहिजे. स्पर्श हलका हवा. स्क्रू आवळत गेलं की पाती तापतात, झिजतात, आणि इंजिन दमतंय असं वाटायला लागतं. मला वाटतं, ‘इंजिन कमी पडतं’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. वर्षातून एकदा बॉटम ब्लेड काढून सातपूर किंवा अंबडला सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे द्या, सपाट करून मिळतं. मग पात्यांना व्हॉल्व्ह घासायची जाड पेस्ट लावून रील उलटं फिरवून घ्या. रीलला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी प्लगची टोपी काढायची. इंजिन बंद असलं तरी रील हाताने फिरतं, आणि दोन पात्यांमध्ये बोट सापडलं तर कात्री ते कापणारच. मशीन कलंडवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

ऑइल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर असतं आणि पंप नसतो, आतला दांडा ते उडवून सगळीकडे पोचवतो. त्यामुळे पातळी दर वेळी बघायची. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीत हरळी जवळजवळ थांबते आणि मशीन तीन-तीन आठवडे उभं राहतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि कार्बोरेटर चिकटतो. म्हणून कापून झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. नव्या इंजिनाला हे पेट्रोल चालतं का, ते घेतानाच विचारा.

आणि ते जुनं हातमशीन विकू नका. आंब्याच्या बुंध्याभोवतीचा वीतभर पट्टा इंजिनवाल्याने नीट होत नाही, तिथे तेच लागेल. त्याचं बॉटम ब्लेडही ग्राइंडिंगला द्या. दुकानात मीटरभर ढकलून किती पाती मोजली, तो आकडा आणि रीलला पाती किती आहेत ते मला कळवा. स्प्रॉकेट बदलावं लागणार असेल तर दात्यांचा हिशेब मी करून देतो.