गटात चारशे जण, बोलतात दहाच

प्रश्न : रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चारशे सदस्य आहेत. लिहितात मात्र दहा-बाराच. बाकीच्यांना बोलतं कसं करावं?

उत्तर : असं बहुतेक गटांत होतं. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा असा : शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि बराचसा मजकूर उरलेल्या एकाचा असतो. म्हणून गप्प सदस्याला काढू नका. तुमचं वाचूनच तो कापणी ठरवत असेल.

प्रश्न मोघम असला की उत्तर येत नाही. ‘भाव काय?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज कापणी झालेल्यांनी गाव, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), आणि क्विंटलचा भाव एवढंच टाका’ असं लिहा. पोलही चालतो, पण कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. व्यापाऱ्याबद्दलची तक्रार त्यावर विचारलीत तर कोणी बोट लावणार नाही. टायपिंग जड जातं त्यांना माइक दाबून तावडी, अहिराणी अशा आपल्या बोलीत बोलू द्या, अर्ध्या मिनिटात.

रोगाची चर्चा फसते ती फोटोमुळे. ‘पान पिवळं पडलं, काय करू?’ आणि सोबत उन्हात काढलेला एक धूसर फोटो. मग कोणी खत सुचवतो, कोणी पाणी. तीन फोटो मागा : पूर्ण झाड, पोंग्याजवळचं (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानाजवळचं) कोवळं पान, खालचं जुनं पान. सावलीत काढलेले, पाठवताना एचडी निवडून. सोबत लागवडीची तारीख आणि किती झाडांवर दिसतंय तेही. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे असतील तर हरण्या या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यायचा. करपा हा पानांवर ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग सहसा खालच्या पानांवर आधी दिसतो. हरण्या मावा किडीमुळे पसरतो, त्यामुळे इथे चुकीचा सल्ला शेजारच्या बागेलाही महागात पडतो. खात्रीसाठी कृषी विज्ञान केंद्राला दाखवाच.

आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही : पहिल्यांदा लिहिणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर मिळालं पाहिजे. त्याचं चुकलं असेल तर खासगीत सांगा. चारचौघांत टोकलेला माणूस पुन्हा लिहीत नाही, आणि ते पाहणारे आणखी दहा जण गप्प बसतात.

गुड मॉर्निंगला वैतागून ‘फक्त अ‍ॅडमिन’ असं कुलूप लावू नका, त्याने कामाचं बोलणंही थांबतं. नको तो संदेश अ‍ॅडमिन सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. पक्कं झालेलं उत्तर पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते, नंतर पुन्हा लावा.