कपाच्या कानाला लाल दोरा

"टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे मला टीबी झालाच ना, मॅडम? घरात दीड वर्षाचा नातू आहे."

संधिवाताच्या ओपीडीतून माझ्याकडे पाठवलेल्या पन्नाशीच्या ताई. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) बोटं सुजलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या. गोळ्यांनी भागेना म्हणून अडालिमुमॅबचं इंजेक्शन ठरलं होतं. त्याआधी करतात ती रक्ताची आयग्रा टेस्ट, टीबीचे जंतू कधी अंगात शिरलेत का हे पाहणारी, पॉझिटिव्ह आली.

मी नेहमीसारखी औषधाचं वेळापत्रक सांगत सुटले, तिथेच चुकले. त्या ऐकतच नव्हत्या. चार दिवसांपासून त्यांनी आपला कप वेगळा काढला होता, कानाला लाल दोरा बांधून. नातवाला उचललं नव्हतं.

कागद बाजूला ठेवून विचारलं, पूर्वी घरात कुणाला टीबी?

"वडिलांना. मी आठवीत होते. एकाच खोलीत झोपायचो सगळे."

तेव्हा शिरलेले जंतू निपचित पडून राहिले असावेत. शरीर त्यांच्याभोवती पेशींचं कडं करतं. शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव जणांत ते जन्मभर टिकतं. ते घट्ट ठेवायला टीएनएफ हे रसायन लागतं. सांधे सुजवण्यात हात त्याचाच, आणि इंजेक्शन अडवतं तेही त्यालाच.

"म्हणजे मारकं जनावर दावणीला आहे, आणि आपण दावं सैल करणार."

मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

एक्स-रे स्वच्छ, खोकला-ताप नाही; म्हणजे आजार नाही, आणि सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही. खरा टीबीसुद्धा हवेतून पसरतो, कपातून नाही.

यजमान म्हणाले, "मग इंजेक्शनच नको." पण दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडची गोळी वर्षभर चालूच होती, दावं तीही सैल करते. (ती एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू उतरवतील, हे तिथल्या तिथे बजावलं.)

त्या निपचित जंतूंसाठी डॉक्टरांनी आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन या गोळ्या दिल्या: आठवड्यातून एकदा, 12 आठवडे. इंजेक्शन महिनाभर पुढे. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले, अन्न जाईना, तर गोळ्या थांबवून लगेच यायचं. पुढेही दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट दिसली तर कळवायचं. आणि ही टेस्ट पुन्हा करत बसायचं नाही, उपचारानंतरही ती बहुधा पॉझिटिव्हच येते.

पाचव्या आठवड्यात आल्या. दोऱ्याचं विचारलं.

"दोरा मी तोडला. कप नातवानं फोडला."