गाव, घर आणि नोंदी : वाचकांचे प्रश्न

या अंकातील प्रश्न रत्नागिरी शहर आणि आसपासच्या गावांतून आले आहेत.

थिबा राजा रत्नागिरीच्या राजवाड्यात तीस वर्षे राहिला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुलीने शाळेच्या प्रकल्पात तसेच लिहिले, तर बाईंनी खाली लाल रेघ मारली. चूक कुठे आहे?
– एक वाचक, माळनाका

बाईंचे बरोबर आहे. तीस वर्षे रत्नागिरीत, हे खरे. राजवाड्यात मात्र जेमतेम सहा. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा. नोव्हेंबर १८८५मध्ये त्याची राजधानी मंडाले इंग्रजांच्या हाती पडली. राजाला कुटुंबासह आधी मद्रासला नेले आणि तिथून एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीला आणले. सगळ्यात धाकटी राजकन्या १८८७ साली रत्नागिरीतच जन्मली. राजवाडा तेव्हा कुठेच नव्हता; हे कुटुंब वीस वर्षांहून अधिक काळ इथल्या जुन्या बंगल्यांत राहत होते. राजवाडा १९१०मध्ये राहण्याजोगा झाला आणि डिसेंबर १९१६मध्ये राजा वारला. राणी सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीची झाली आणि १९४७ साली इथेच वारली.

घोटाळा होतो तो इमारतीमुळे. भाट्याच्या खाडीवर नजर टाकणारा एवढा मोठा वाडा समोर उभा असला, की सगळा बंदिवास त्यातच गेला असे वाटते. प्रकल्पात वाक्य असे करा : ‘थिबा राजा १८८६पासून १९१६पर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, त्यांपैकी शेवटची सहा वर्षे आजच्या थिबा राजवाड्यात.’ जमल्यास मुलीला राजाची कबरही दाखवा. शेजारीच धाकट्या राणीची कबर आहे. ती १९१२ साली वारली. वाडा पाहणारे पुष्कळ, कबरीपर्यंत थोडेच पोचतात.

आमचे चिऱ्याचे कौलारू घर दोनशे वर्षांचे असल्याचे वडीलधारे सांगतात. कागद असा एकच आहे, तो म्हणजे मिळकत पत्रिका. घराचे वय नक्की कसे काढावे?
– एक वाचक, रत्नागिरी शहर

मिळकत पत्रिकेवरून घराचे वय निघत नाही, ही पहिली गोष्ट. पत्रिकेत सर्वांत जुनी तारीख असते ती नगर भूमापन झाले त्या वेळची, आणि धारक म्हणून नाव असते ते त्या वेळी ताबा असलेल्याचे. घर त्याने बांधले, एवढा अर्थ त्यातून काढू नये. नगर भूमापन कार्यालयात नक्कल मागताना पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा वेगळा मागा. भूमापनाच्या वेळी मालकाने कोणता आधार दाखवला, म्हणजे खरेदीखत, वाटणीपत्र, सनद की नुसती वहिवाट, याचा मागोवा त्या उताऱ्यात मिळतो आणि पुढचा कागद शोधायची दिशा कळते. अर्जात सिटी सर्व्हे नंबर व शीट नंबर लिहा. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. पोटहिस्से पडून नंबर बदलला असेल, तर जुना नंबरही द्या. बहुतेकांचा शोध इथेच अडतो. नगरपरिषदेच्या जुन्या कर आकारणीच्या नोंदवह्यांत घरपट्टी एकदम वाढलेली दिसली, तर त्या सुमारास माडी चढवली किंवा पडवी वाढवली असे समजायला जागा आहे.

घर मुळात शहराबाहेरच्या खोती गावात असेल, तर १८८०च्या खोती कायद्यानुसार झालेले बोटखत पाहा. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन होती, हे त्यात मिळते.

आता खुद्द घराकडे वळा. जोत्यापासून आढ्यापर्यंत घर एका वेळी बांधलेले क्वचितच असते, म्हणून प्रत्येक भागाचे वय वेगळे काढायचे.

छपरापासून सुरुवात करा, पण छपरावर चढू नका. माळ्यावर जाऊन बॅटरीच्या उजेडात कौलांची खालची बाजू पाहा. मंगळुरी कौलांवर कारखान्याचा छाप असतो. बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. त्याआधी इथे नळ्यांची (म्हणजे अर्धगोल देशी कौलांची) किंवा गवताची छपरे होती. म्हणजे मंगळुरी कौलांचे छप्पर १८६५च्या आधीचे असूच शकत नाही. ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ असा छाप असेल, तर ते कौल पहिल्या महायुद्धानंतरचे. छाप मात्र एका कौलाचा पाहून थांबू नका. वळचणीची कौले वाऱ्याने आणि माकडांनी फुटून दर काही वर्षांनी बदलली जातात, त्यामुळे छपराच्या मधल्या पट्ट्यातली वीस-पंचवीस कौले तपासा आणि सर्वाधिक सापडणारा छाप धरा. पडलेल्या घराची कौले विकत घेऊन चढवण्याचीही जुनी रीत आहे, तेव्हा कौलांवरून कळते ते छपराचे वय, भिंतींचे नव्हे.

वासे आणि रिपा यांची तुलना यापेक्षा जास्त बोलकी असते. वासे गोल किंवा तासून चौकोनी केलेले, अंतर कमी-जास्त आणि त्यांवरच्या रिपा मात्र करवती, सरळ, साधारण फूटभर अंतराने नेमक्या बसवलेल्या दिसल्या, तर मूळ छप्पर नळ्यांचे किंवा शाकारलेले होते आणि मंगळुरी कौले मागाहून आली. तुळईवर करवतीचे घाव सरळ रेषेत असतील तर ती बहुधा हाताने कापलेली. घाव कमानीसारखे वळलेले असतील तर गोल पात्याच्या यंत्रावर कापलेली, म्हणून नंतरची. जुन्या दारांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे मिळतात, गोल तारेचे खिळे अलीकडचे. पण एखादा गोल खिळा म्हणजे दार नवे असे नव्हे, तो डागडुजीतलाही असतो.

भिंतीत एखाद्या कोपऱ्याचा गिलावा आधीच सुटला असेल तिथे सांधा पाहा. मुद्दाम फोडू नका. जुना सांधा मातीचा किंवा शिंपल्यांच्या चुन्याचा असतो; अशा चुन्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे नजरेला येतात. सांध्यात खोलवर सिमेंट असेल, तर ती भिंत विसाव्या शतकातली. देशी सिमेंट पोरबंदरला १९१४ साली तयार होऊ लागले आणि गावाकडच्या घरांत ते बरेच उशिरा पोचले. हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे घाव दिसतात, तर यंत्राने कापलेला चिरा एकसारखा आणि धारदार कडांचा असतो.

वय काढून झाल्यावर जुन्या चिऱ्याला सिमेंटचा गिलावा करायचा मोह टाळा. चिरा म्हणजे जांभा दगड; तो पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली, की ओल आतल्या बाजूने फुगते, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि सुटताना चिऱ्याचा पृष्ठभाग सोबत घेऊन जातो. चुन्याचाच गिलावा करा.

तुमच्या घराबद्दल एवढे म्हणता येईल : भिंती मातीच्या सांध्याच्या, वासे तासलेले आणि चौकशी नोंदवहीत जुन्या वाटणीपत्राचा उल्लेख, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर वडीलधाऱ्यांचे सांगणे धरून पुढे शोध घ्यायला हरकत नाही. नुसत्या सांगण्यावरून दारावर सालाची पाटी लावू नका. अशी पाटी पुढच्या पिढीला पुरावाच वाटते.

गावदेवीच्या देवळात काळ्या दगडावर ‘शके १७४६’ की ‘१७१६’, हे ठरत नाही. पुढे ‘तारण’ आणि ‘माघ’ एवढे स्पष्ट वाचता येते. दगड घासून साफ करावा का?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत भरलेला ऑइलपेंट, या तिन्हींनी कोकणातले बरेच लेख कायमचे गेले आहेत. रंग भरणारा माणूस त्याला जे वाटले तेच अक्षर गिरवतो, आणि मग मूळ अक्षर कुणालाच दिसत नाही. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला अगदी लगटून एका बाजूने धरा. खोलगट भागात सावली पडून अक्षर उठून दिसते. उजेड डावीकडून, उजवीकडून आणि वरून धरून तीन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

तुमचा प्रश्न मात्र दगडाला हात न लावताही सुटतो, कारण ‘तारण’ हे संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव शाबूत आहे. आपल्याकडे शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६०ने भागले, की उरणारी बाकी म्हणजे प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६; त्यात १२ मिळवले की १६०८, साठने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर ‘आनंद’. राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. आता तुमचे आकडे. १७४६ आणि १२ मिळून १७५८, बाकी १८. अठरावा संवत्सर ‘तारण’. १७१६ धरले तर बाकी ४८ येऊन ‘आनंद’ हवा होता. तेव्हा शके १७४६ नक्की.

इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवतात, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. लेखात माघ आहे, म्हणून हा लेख १८२५ सालचा, १८२४चा नव्हे. उरलेल्या ओळीत ‘जीर्णोद्धार’ शब्द आहे का, तेही नीट पाहा. असेल तर देऊळ त्याहून जुने.

माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सापडला. काही पाने चिकटलेली आहेत, कडांना कसर लागली आहे. एकावर ‘सन सबैन मया व अलफ’ असे वाचून मिळाले. कागद कसे राखावेत, आणि हे साल कोणते?
– एक वाचक, पावस

साल सुहूर सनाचे आहे; त्यात आकडे अरबी शब्दांनी लिहितात. सबैन म्हणजे ७०, मया १००, अलफ १०००, मिळून ११७०. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढे ६००. तुमचा कागद १७६९-७०चा.

कागद उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, वर्तमानपत्राच्या नव्हे तर कोऱ्या कागदाच्या घड्यांत वाळवा. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नका. वाळल्यावर जी आपसूक सुटतील तेवढीच घ्या. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळा : पट्टीचा डिंक पिवळा पडून अक्षरात उतरतो, आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. रुमालातला क्रम जसा आहे तसाच ठेवून प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. एका व्यवहाराचे कागद बहुधा एकत्र बांधलेले असतात. क्रम मोडला, की तारीख नसलेला कागद कशाचा हे कधीच कळत नाही. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. घरातल्या एकाने तरी ते करावेत.

पतितपावन मंदिर सावरकरांनी बांधले की भागोजीशेठ कीर यांनी?
– एक वाचक, रत्नागिरी शहर

कल्पना आणि चळवळ सावरकरांची, पैसा आणि बांधकाम भागोजीशेठ कीर यांचे. सावरकर १९२४पासून १९३७पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या लोकांना एकत्र पूजा करता येईल अशा या लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचे उद्घाटन २२ फेब्रुवारी १९३१ रोजी झाले. कीर हे रत्नागिरीचेच, मुंबईत मोठे कंत्राटदार झालेले. किल्ल्याजवळचे भागेश्वर मंदिरही त्यांनीच बांधले, आणि दादरची स्मशानभूमी त्यांच्या नावाने ओळखली जाते. शहराच्या इतिहासात त्यांचे नाव नुसते ‘देणगीदार’ म्हणून येते, ते अपुरे आहे. त्या काळची साप्ताहिके वाचायची असतील, तर १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयात आधी चौकशी करा. मागताना महिना आणि साल लिहून न्या, म्हणजे नेमका तोच गठ्ठा मागता येईल.