चीर न देता मेंदूवर उपचार : केंद्रित ध्वनिलहरी

प्रश्न : माझ्या वडिलांचा उजवा हात अनेक वर्षे थरथरतो. पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मे पाणी सांडते आणि औषधांनी आता फारसा फरक पडत नाही. कवटी न उघडता अल्ट्रासाउंडने यावर उपचार होतो, असे ऐकले. सोनोग्राफीच्या लहरींनी काहीच इजा होत नाही, मग त्या मेंदूत काम कसे करतात? हा उपचार निर्धोक आहे का?

उत्तर : लहरी त्याच जातीच्या असल्या, तरी त्या वापरण्याची रीत अगदी वेगळी आहे. सोनोग्राफीत क्षीण लहरींचे प्रतिध्वनी टिपून चित्र तयार केले जाते. या उपचारात मात्र शेकडो बाजूंनी सोडलेल्या लहरी एकाच बिंदूवर आणल्या जातात. वाटेतल्या पेशींवर प्रत्येक लहरीचा भार अत्यल्प असतो, पण त्या जिथे मिळतात तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या भागाचे तापमान काही सेकंदांत ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि तेवढ्याच पेशी मरतात.

खरी अडचण कवटीची होती. हाड लहरी शोषून स्वतः तापते आणि त्यांची वाटही बिघडवते. म्हणूनच १९५० च्या दशकात अमेरिकेत विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या बंधूंना अशा उपचारासाठी कवटीचा तुकडा काढावा लागत असे. आता सीटी स्कॅनवरून हाडाची जाडी व घनता पाहून हेल्मेटमधील १०२४ ध्वनिस्रोतांपैकी प्रत्येकाची लहर स्वतंत्रपणे जुळवून घेतली जाते आणि कवटी तापू नये म्हणून डोक्याभोवती थंड पाणी खेळते ठेवतात.

रुग्णाचे केस पूर्ण काढून, डोके चौकटीत घट्ट बसवून त्याला एमआरआय यंत्रात झोपवतात, पण भूल देऊन बेशुद्ध करत नाहीत. आधी लक्ष्यबिंदू थोडाच तापवतात, इतका की परिणाम तात्पुरता राहावा, आणि रुग्णाला कागदावर चक्राकार रेघ काढायला सांगतात. रेघ सुधारली, बोलणे अडखळत नाही, ओठ किंवा बोटे बधिर होत नाहीत, अशी खात्री झाल्यावरच तापमान वाढवतात. या उपचारातील ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. उजव्या हातासाठी हे सारे मेंदूच्या डाव्या बाजूच्या थॅलॅमस या खोलवरच्या भागात होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये गर्भाशयातील फायब्रॉइड या गाठींसाठी, २०१२ मध्ये हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनांसाठी आणि २०१६ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ‘इसेन्शियल ट्रेमर’साठी (हालचाल करताना हात थरथरण्याचा विकार) या तंत्राला मान्यता दिली. जिथे हवा किंवा वायू असतो, तिथे मात्र लहरी पुढे जात नाहीत, त्यामुळे फुप्फुसांसारख्या अवयवांना त्याचा उपयोग फार कमी होतो.

निर्धोक मात्र याला म्हणता येणार नाही. चीर नसली तरी ही शस्त्रक्रियाच आहे, कारण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. चालताना तोल जाणे, तोंडाभोवती किंवा बोटांत मुंग्या येणे असे त्रास बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतात, पण काहींच्या बाबतीत ते कायम राहतात. काहींचा कंप पुढे काही प्रमाणात परततोही.

वडिलांचा कंप इसेन्शियल ट्रेमरचा आहे की पार्किन्सन्सचा, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून आधी नक्की करून घ्या. त्यानंतर कवटीचे सीटी स्कॅन होईल. पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आवर्जून सांगा. हाडाच्या रचनेमुळे लहरी पुरेशा आत पोहोचत नसतील, तर मेंदूत विद्युततार बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. तिच्यात कवटीला छिद्र पाडावे लागते, पण विद्युतप्रवाह नंतर कमीजास्त करता येतो किंवा बंदही करता येतो.